मार्चमध्ये फिनिक्सला चार मित्र, पाच दिवस, बेसबॉल आणि हायकिंग: जमेल का?

तुम्ही विचारलंय की चार मित्र मार्चमध्ये पाच दिवस अमेरिकेतल्या फिनिक्सला जाताय, स्प्रिंग ट्रेनिंगचे सामने बघायचेत, डोंगरही चढायचेत आणि दोघांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तर हे सगळं बसेल का.

बसेल. फक्त आम्ही पहिल्या वर्षी केला तो गाढवपणा करू नका.

मी शिकागोजवळ राहतो. मार्चमध्येही सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा, त्यामुळे अ‍ॅरिझोनाच्या उन्हाची ओढ काय असते ते मला विचारा. पुण्यातल्या कॉलेजचे आम्ही चौघं, आता चार राज्यांत. बेत आखायचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे चूकही माझीच. सकाळी सुपरस्टिशन डोंगरातलं फ्लॅटआयर्न नावाचं टोक आणि दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी सरप्राइज या गावी सामना. नकाशात दोन्ही 'फिनिक्स'च दिसतं. प्रत्यक्षात एक शहराच्या पार पूर्वेला, दुसरं वायव्येला, मध्ये साठेक मैल. त्यात फ्लॅटआयर्न म्हणजे अडीच हजार फुटांहून जास्त चढ, शेवटचा टप्पा हातापायांनी दगड धरत. उतरायलाही जवळजवळ तेवढाच वेळ लागला. मैदानात पोचलो तेव्हा नऊपैकी सातवी इनिंग चालू होती. ज्यांना बघायला आलो होतो ते कधीच आंघोळ करून घरी गेले होते. मैदानावर पाठीवर 86, 91, 97 असे नंबर लावलेली पोरं खेळत होती आणि आमच्यातल्या बेसबॉलवेड्यालाही त्यातलं एक नाव सांगता येईना.

म्हणून आधी हे समजून घ्या की हे सराव सामने आहेत. रणजी हंगामाच्या आधी संघ खेळतात तसे, फक्त इथे तिकीट लावून आणि मैदान भरून. 1947 मध्ये दोन संघ सरावासाठी अ‍ॅरिझोनात आले, तिथून हे सुरू झालं. आता मेजर लीग या सर्वोच्च लीगच्या 30 पैकी 15 संघ इथे असतात (उरलेले फ्लोरिडात) आणि सगळी 10 मैदानं फिनिक्सच्या आसपासच आहेत. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत रोज सामने. मोठे खेळाडू दोन-तीनदा बॅटिंग करून निघून जातात. नऊ इनिंगनंतर बरोबरी झाली तर बऱ्याचदा तशीच सोडून सगळे घरी जातात. हरण्या-जिंकण्याचं कोणाला सोयरसुतक नसतं, आणि नवख्या माणसाला हेच सोयीचं. शेजारच्या आजोबांना बिनधास्त विचारा, ते नियमही सांगतील आणि त्यांच्या संघाचा चाळीस वर्षांचा इतिहासही.

तिकीट लॉनचं काढा. आउटफिल्डच्या मागे गवताचा उतार असतो, तिथे अंथरूण घालून बसायचं. आम्ही सोलापुरी चादर नेतो. पहिल्या वर्षी ती अंथरली तर शेजारच्या बाईंनी कोपरा चिमटीत धरून बघितला आणि कुठे मिळते म्हणून विचारलं. काय सांगणार? लॉनवर सावली नसते, टोपी विसरू नका. कब्ज, जायंट्स, डॉजर्स या संघांचे शनिवार-रविवारचे सामने महाग आणि खच्चून भरलेले असतात, ते मंगळवार-बुधवारी बघा. शिवाय बऱ्याच ठिकाणी सकाळी मागच्या मैदानांवर संघ सराव करतात, तो फुकट बघता येतो. जाळीपलीकडे दहा फुटांवर पिचर चेंडू टाकतो आणि कॅचरच्या ग्लव्हमध्ये तो 'फाट्' करून बसतो. टीव्हीवर इतकी वर्षं बघूनही तो वेग मला कळला नव्हता, त्या आवाजाने कळला.

आता आखणी. राहायला टेम्पी किंवा मेसा ही फिनिक्सला लागून असलेली गावं धरा आणि त्या दिवशीचा डोंगर त्या दिवशीच्या मैदानाच्याच बाजूचा निवडा. सूर्योदयाला चढायला लागायचं, अकराच्या आत खाली, मग सामना. सुपरस्टिशनकडे गेलात तर मेसातलं स्लोन पार्क मैदान. कॅमलबॅक डोंगर केलात तर स्कॉट्सडेलचं मैदान किंवा सॉल्ट रिव्हर फील्ड्स, जे पीमा-मारिकोपा आदिवासींच्या जमिनीवर आहे. दिवसाला एकच सामना.

कॅमलबॅकची एको कॅन्यनची वाट अंतराने सव्वा मैलच आहे, पण चढ 1,200 फुटांच्या वर. काही ठिकाणी कातळात रेलिंग धरून चढावं लागतं. कळसूबाईच्या शिड्या चढलेल्या माणसाला भीती वाटणार नाही, दम मात्र लागेल. पार्किंग इवलंसं, साडेसातला पोचलात तर गाडीतच बसून राहाल. मला स्वतःला सुपरस्टिशनमधली पेराल्टाची वाट जास्त आवडते. शेवटचे काही मैल कच्चा रस्ता, मग दोन-अडीच तास दरीतून चढ, आणि खिंडीत पाऊल टाकेपर्यंत पलीकडचं काहीच दिसत नाही. तिथे पोचल्यावर समोर एकदम वीव्हर्स नीडलचा सुळका उभा. आम्ही चौघंही दोन मिनिटं गप्प होतो, जे एरवी होत नाही.

वाटेत सवारो निवडुंगाचे खांब दिसतील (लिहिताना त्यात 'जी' असतो, उच्चारात नाही). हा निवडुंग फक्त सोनोरन वाळवंटात उगवतो आणि पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं घेतो. त्याच्यापासून धोका नाही. धोका चोया या दुसऱ्या निवडुंगापासून. दिसायला मऊ, लोकरीच्या गोळ्यासारखा, आणि नुसता घासून गेलात तरी अख्खा तुकडा तुटून अंगाला चिकटतो. आमच्या एकाच्या पोटरीला चिकटला तो त्याने हाताने ओढायला घेतला, मग तो बोटांतही रुतला. शेवटी एका अनोळखी बाईंनी पाठपिशवीतून साधा केसांचा कंगवा काढला, तुकडा आणि कातडी यांच्या मध्ये सरकवला आणि एका झटक्यात उडवला. आता चौघांच्याही बॅगेत कंगवा असतो. त्यातल्या दोघांना केस नाहीत ही गोष्ट वेगळी.

पाणी माणशी दोन-तीन लिटर घ्या आणि अर्धं संपलं की, शिखर कितीही जवळ दिसो, मागे फिरा. मार्चमध्ये दुपारी पंचवीस-सव्वीस अंश असतं, पण हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही. ऊन वाढलं की रॅटलस्नेकही (शेपटी खुळखुळवणारे विषारी साप) बाहेर पडतात, तो आवाज ऐकू यावा म्हणून कानात इअरफोन घालू नका.

एक दिवस सामन्याशिवाय ठेवा आणि सेडोनाला जा, दोन तासांवर आहे. ग्रँड कॅन्यन या खेपेला सोडून द्या. जायला साडेतीन तास, यायला साडेतीन, आणि दक्षिण कडा सात हजार फुटांवर असल्यामुळे तिथे मार्चमध्ये बर्फही असू शकतो. तेवढ्यासाठी पुन्हा या.

आणि हो, अ‍ॅरिझोनात घड्याळं पुढे-मागे करत नाहीत. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत बाकी जवळजवळ सगळीकडची तासभर पुढे जातील, तिथली नाही. आमचा सिएटलवाला परतीच्या दिवशी सवयीने तासभर पुढे केलेलं हातातलं घड्याळ बघून हॉटेलमधून धावत सुटला आणि विमानतळावर तासभर आधी जाऊन बसला. त्याच रविवारी परत निघणार असाल तर वेळ फोनवर बघा, मनगटावर नको.