‘रिफॉर्म्ड इजिप्शियन’ला मराठीत काय म्हणावे?

मॉर्मन पंथाविषयीच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, ‘रिफॉर्म्ड इजिप्शियन’ या संज्ञेसाठी ‘सुधारित इजिप्शियन भाषा’ हा शब्दप्रयोग योग्य ठरेल का, आणि पुढे तिचाच उल्लेख ‘चित्रलिपी’ असा करता येईल का. माझ्या मते ‘सुधारित’, ‘भाषा’ आणि ‘चित्रलिपी’ हे तिन्ही शब्द येथे बदलावे लागतील. ‘इजिप्शियन’ मात्र ठेवायला हरकत नाही.

ही संज्ञा ‘बुक ऑफ मॉर्मन’ या ग्रंथातली आहे. मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी तो १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायरा येथे छापून घेतला आणि तो सोन्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या प्राचीन मजकुराचा अनुवाद असल्याचे सांगितले. ग्रंथाच्या मॉर्मन नावाच्या भागातील नवव्या अध्यायात मोरोनी हा निवेदक म्हणतो की, आपण ज्या अक्षरांत हा वृत्तान्त लिहिला त्यांना आपल्यात ‘रिफॉर्म्ड इजिप्शियन’ म्हणतात, आणि ती अक्षरे पिढ्यानपिढ्या हाती येत असताना आपल्या बोलण्याच्या रीतीप्रमाणे आपण पालटली आहेत. पत्रे पुरेसे मोठे असते तर हिब्रूत लिहिले असते, असेही तो लगेच पुढे सांगतो. पण ती हिब्रूही आपण पालटलेलीच आहे, अशी त्याची पुस्ती आहे.

म्हणजे ‘रिफॉर्म्ड’चा अर्थ मूळ वाक्यानेच उलगडून दिला आहे: पालटलेली, वापराने रूप बदललेली. मराठीतल्या ‘सुधारित’ या शब्दात आधीच्या दोषाचे निवारण गृहीत असते. सुधारित आवृत्ती म्हटले की चुका काढलेली आवृत्ती समजायची, आणि आगरकरांच्या ‘सुधारका’पासून या शब्दाला जी छटा चिकटली आहे तीही हेतुपूर्वक केलेल्या बदलाची आहे. मोरोनीच्या वाक्यात कोणी काही सुधारल्याचा दावा नाही. म्हणून ‘परिवर्तित’ किंवा, शैली साधी ठेवायची असेल तर, ‘पालटलेली’ हे शब्द मला अधिक नेमके वाटतात.

दुसरा प्रश्न भाषा की लिपी, हा. वरील वाक्यात शब्द ‘अक्षरे’ या अर्थाचा आहे, त्यामुळे तेथे भाषा म्हणणे हा अनुवादकाने पदरचा घातलेला अर्थ होईल. अडचण अशी की ग्रंथाच्या अगदी आरंभी नेफी हा दुसरा निवेदक आपल्या पित्याच्या भाषेचे वर्णन करताना तीत यहुद्यांची विद्या आणि इजिप्तच्या लोकांची भाषा असल्याचे सांगतो. त्यामुळे मजकूर हिब्रू आणि लिपी इजिप्शियन, की दोन्ही इजिप्शियन, याविषयी श्रद्धावान अभ्यासकांतही मतभेद आहेत. एका भाषेचा मजकूर दुसरीच्या लिपीत लिहिणे तत्त्वतः अशक्य नाही: इजिप्तच्या डेमोटिक लिपीत लिहिलेला अरामी भाषेतील एक मोठा पपायरस उपलब्ध आहे, आणि इस्रायलमधील अराद येथील हिब्रू खापरांवर हिएरॅटिक या इजिप्शियन लिपीतले अंक आढळतात. मात्र यावरून ‘रिफॉर्म्ड इजिप्शियन’ अस्तित्वात होती असे सिद्ध होत नाही. या ग्रंथाबाहेर अशा नावाची लिपी वा भाषा इजिप्तविद्येला ठाऊक नाही, आणि अनुवादात ‘ग्रंथानुसार’ एवढा शब्द घातल्यास वाचकाची दिशाभूल टळेल.

आता ‘चित्रलिपी’. हिएरोग्लिफ या प्राचीन इजिप्तच्या चित्ररूप लेखनासाठी हा शब्द मराठीत रुळला आहे, तरी तो मुळातच फसवा आहे, कारण त्या चित्रांपैकी बहुतेकांचे काम ध्वनी दाखवण्याचे असते. १८२२ मध्ये फ्रेंच अभ्यासक शाम्पोल्यों यांनी हे उलगडून दाखवण्यापूर्वी एकेका चिन्हात एक संपूर्ण गूढ विचार साठवलेला असतो, अशी समजूत युरोपात होती, आणि आपला शब्द नकळत तीच समजूत जिवंत ठेवतो. शिवाय इजिप्तमध्ये दगडावर कोरायच्या हिएरोग्लिफबरोबरच बोरूने झरझर लिहायची हिएरॅटिक आणि इसवी सनापूर्वी सातव्या शतकापासून तिच्याहूनही जलद अशी डेमोटिक प्रचारात होती. बाळबोध आणि मोडी यांच्या नात्यावरून मराठी वाचकाला याची थोडीफार कल्पना येईल. ‘मोडी’ची व्युत्पत्तीही सहसा ‘मोडणे’वरूनच लावतात. फरक इतकाच की मोडीने वेळ वाचतो, आणि मोरोनीला जागा वाचवायची आहे. स्वरचिन्हांविना लिहिली जाणारी हिब्रू मुळातच इतकी आटोपशीर आहे की तिच्याहून इजिप्शियन लेखन कमी जागा घेईल, हे मला पटत नाही.

पालटलेली ही अक्षरे दिसत कशी होती, याचे एक परिचित जुने साधन उरले आहे: ‘कॅरॅक्टर्स’ (अक्षरे) असे इंग्रजीत, चुकीच्या वर्णलेखनासह शीर्षक असलेला, सात आडव्या ओळींचा कागद. १८२८ मध्ये स्मिथ यांचे सहकारी मार्टिन हॅरिस यांनी अशीच एक नक्कल न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजातील ग्रीक-लॅटिनचे प्राध्यापक चार्ल्स अँथन यांना दाखवली. स्मिथ यांच्या कथनानुसार अँथन यांनी अक्षरे खरी ठरवली. अँथन यांनी १८३४ च्या पत्रात ते साफ नाकारले आणि कागदावर ग्रीक, हिब्रू व उलटीसुलटी रोमन अक्षरे उभ्या रकान्यांत मांडली होती असे लिहिले. उरलेल्या कागदाच्या ओळी आडव्या आहेत, त्यामुळे त्यांनी पाहिलेला कागद हाच, असे ठामपणे म्हणता येत नाही.

लेखात स्मिथ यांनीच अनुवाद म्हणून मांडलेल्या ‘बुक ऑफ अब्राहम’ या दुसऱ्या ग्रंथाचाही उल्लेख असेल तर तेथे ही संज्ञा मुळीच वापरू नये. तो ग्रंथ १८३५ मध्ये विकत घेतलेल्या खऱ्याखुऱ्या इजिप्शियन पपायरसांशी जोडलेला आहे. त्यांचे काही तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९६७ मध्ये मॉर्मन चर्चला परत दिले. त्यांतील ज्या तुकड्यांचा या ग्रंथाशी संबंध लावला जातो, त्यांवर होर नावाच्या पुरोहितासाठी हिएरॅटिक लिपीत लिहिलेला अंत्यविधीचा मजकूर आहे, आणि तुकड्यांवरील अक्षरे छापील अनुवादाशी जुळत नाहीत हे चर्चनेही २०१४ मध्ये आपल्या लेखात मान्य केले आहे. तेथे सरळ ‘हिएरॅटिक लिपी’ म्हणावे. मोरोनीच्या वाक्यासाठी ‘परिवर्तित इजिप्शियन अक्षरे’ पुरेशी आहेत, आणि अनुवादाचा बाज मराठी बायबलसारखा ठेवायचा असेल तर ‘पालटलेली मिसरी अक्षरे’.