भावात्मक उद्दिष्ट लिहिताना

भावात्मक उद्दिष्ट म्हणजे मुलांच्या आवडी, वृत्ती आणि मूल्यांत घडवायचा बदल. पाठ टाचणात (तासाच्या लेखी नियोजनात) ‘विद्यार्थ्यांमध्ये पाण्याविषयी आस्था निर्माण होईल’ एवढंच लिहून थांबू नकोस. ती आस्था दिसेल कशात, तेही लिही: ‘कुणी सांगितलं नसतानाही विद्यार्थी वाहता नळ बंद करतो, घरच्या पाणीवापराची नोंद आपणहून ठेवतो.’ त्या ‘आपणहून’मध्येच सगळं आलं. शिक्षणतज्ज्ञ क्रॅथवॉल आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये अशा उद्दिष्टांच्या मांडलेल्या पाच पायऱ्यांत ग्रहण (लक्ष देणं), प्रतिसाद आणि मग मूल्यन (ती गोष्ट मनापासून मोलाची मानणं) येतं. एका तासिकेत पहिल्या दोन गाठल्यास तरी पुष्कळ. मूल्यनासाठी सत्रभर निरीक्षणाची वही ठेव. आणि कृपा करून यावर गुण देऊ नकोस. गुण आले की मुलं शिक्षकाला आवडेल तेच बोलतात, हे मला फार उशिरा कळलं. एखाद्याला विषय नावडला, तर तेही मोकळेपणी सांगू दे.