लांडग्याची विष्ठा उचलण्याआधी

अथणी-चिकोडीकडच्या माळावर विष्ठा दिसली की उत्साहात नुसत्या हातानं उचलू नकोस. केस-हाडांवरून लांडग्यानं काय खाल्लं ते कळतं, खरंय. पण तीत इकायनोकॉकस या फीतकृमीची अंडी असू शकतात. ती सॅनिटायझरनं मरत नाहीत, घरच्या फ्रीजमध्येही नाहीत. प्रयोगशाळेत विष्ठा उणे ८० अंश सेल्सिअसमध्ये काही दिवस ठेवतात, मगच फोडतात. हातमोजे, मास्क हवेतच. आणि वनखात्याची परवानगी आधी. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला आहे.

धनगरांच्या वाड्यावरही नजर ठेव. कापलेल्या मेंढीच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याचे फोड दिसले, म्हणजे याच कृमीचे, तर ते कुत्र्यांपुढे पडू देऊ नकोस. धनगरमामांना सांगून जाळायला किंवा खोल पुरायला लाव. मेंढी, कुत्रा, परत मेंढी, असं या कृमीचं चक्र. लांडगा त्यात मधेच सापडतो. तिथला चहा मात्र साबणानं हात धुऊनच घे.