हलका आठवडा घेतल्याने कमावलेली ताकद जाते का?

आपण लिहिले आहे की दीड वर्ष नियमित बारबेलचा (दोन्ही टोकांना वजन लावलेल्या दांड्याचा, म्हणजे बारचा) व्यायाम करूनही दर चार-पाच आठवड्यांनी उचलायचे वजन वाढेनासे होते, म्हणजे अडते, आणि सांधे ठणकू लागतात, पण हलका आठवडा, म्हणजे मुद्दाम कमी व्यायामाचा आठवडा, घेतला तर कमावलेली ताकद जाईल या भीतीने तो घ्यायचे टाळले जाते. ही भीती मलाही बरीच वर्षे होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताकद इतक्या लवकर जात नाही. नियमित सराव असलेल्या माणसाने दोन आठवडे वजनाला हात लावला नाही, तरी त्याची कमाल ताकद जवळपास तशीच राहते. परतल्यावर पहिल्या दिवशी बार अनोळखी वाटतो, त्याचे कारण हालचालीचा सराव थोडा सुटलेला असतो, एवढेच. आपण तर व्यायाम थांबवणारही नाही, केवळ कमी करणार आहात.

कठीण व्यायामाचे शरीरावर एकाच वेळी दोन परिणाम होतात: क्षमता वाढते आणि थकवा साचतो. क्षमता हळूहळू येते आणि हळूहळूच ओसरते. थकवा मात्र झपाट्याने चढतो आणि तितक्याच झपाट्याने उतरतो. कॅनडातील संशोधक एरिक बॅनिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात ही कल्पना गणिती स्वरूपात मांडली. बारवर आपल्याला दिसते ती या दोहोंची वजाबाकी. म्हणूनच पाचव्या आठवड्यात वजन अडले, तरी पहिल्या आठवड्यापेक्षा आपली क्षमता वाढलेली असू शकते; ती थकव्याखाली झाकलेली असते. हे समजल्यावर हलक्या आठवड्याकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

आता तो आठवडा कसा घ्यावा, कारण बहुतेकांची चूक इथेच होते आणि माझीही झाली होती. मी वजन निम्म्यावर आणायचो आणि हलके आहे म्हणून रेप, म्हणजे एका दमात वजन उचलण्याच्या वेळा, वाढवायचो. घाम तितकाच यायचा, थकवा उतरायचा नाही, आणि पुढच्या आठवड्यात जड बार खांद्यावर घेताना तंत्रही डळमळलेले असायचे. कमी करायचे ते मुख्यतः सेट (विश्रांतीपूर्वी सलग केलेल्या रेपचा एक गट) आणि रेप. वजन थोडेच उतरवावे. समजा, आपण स्क्वॉटमध्ये (बार खांद्यावर घेऊन मारलेल्या बैठकांत) १०० किलोचे ५ रेपचे ५ सेट करता, म्हणजे एकूण २,५०० किलो. हलक्या आठवड्यात ९० किलोचे ३ रेपचे ३ सेट केल्यास बेरीज ८१० किलो होते. काम जेमतेम एक तृतीयांश उरते, पण खांद्यावरचा बार जडच राहतो आणि हालचालीची सवय मोडत नाही. बायसेप्स, ट्रायसेप्स यांसारखे पूरक व्यायाम त्या आठवड्यात सरळ वगळले तरी चालतात.

सांध्यांच्या ठणक्याबद्दल वेगळे सांगायला हवे. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा स्नायूंपेक्षा सावकाश जुळवून घेतात, त्यामुळे स्नायू तयार असतानाही कंडरा मागे राहिलेल्या असतात. माझ्या कोपरात दुखू लागले तेव्हा बेंच प्रेसमध्ये (बाकावर उताणे पडून बार वर ढकलण्यात) मी दर आठवड्याला प्रगती करत होतो. त्या प्रगतीच्या आनंदात मी दुखण्याकडे दुर्लक्ष केले आणि पुढे अनेक महिने वजन उतरवून काम करावे लागले. सूज, बधिरता किंवा तीक्ष्ण कळ असेल, तर मात्र हलक्या आठवड्यावर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा.

किती आठवड्यांनी, याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही. तीन जड आणि एक हलका ही मांडणी प्रचलित आहे, आणि आपला अनुभव पाहता तिथूनच सुरुवात करावी असे मला वाटते. पहिल्या काही महिन्यांतल्या नवशिक्याला याची फारशी गरज पडत नाही. झोप अपुरी असेल, वजन घटवण्यासाठी आहार कमी केला असेल किंवा डेडलिफ्टचे (जमिनीवरून बार उचलण्याचे) प्रमाण जास्त असेल, तर थकवा लवकर साचतो. यासाठी व्यायामाची नोंदवही ठेवाच. एखादा दिवस वाईट गेला तर तो सोडून द्यावा. पण एकाच वजनावर लागोपाठ तीन वेळा रेप घटत असतील, वॉर्मअपचा बारही संथ वर येत असेल आणि झोप बिघडली असेल, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात काम कमी करावे.

हलका आठवडा संपताच अंगात जोर जाणवतो आणि पहिल्याच दिवशी कमाल वजन आजमावण्याचा मोह होतो, तो आवरावा. मागच्या फेरीत, म्हणजे तीन जड आठवड्यांत, आपण १००, १०२.५ आणि १०५ किलो असे चढत गेला असाल, तर नवी फेरी १०२.५ पासून सुरू करा, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात १०७.५ किलोपर्यंत पोहोचाल.