क्यूसॅम, आयसॅम, व्हीसॅम : फरक कळतो तो मधे नोंद घालताना

मेनफ्रेम या मोठ्या संगणकांवर फाइलमधल्या नोंदी वाचण्या-लिहिण्याच्या क्यूसॅम, आयसॅम आणि व्हीसॅम या पद्धतींत फरक काय आणि नव्या प्रोजेक्टवर आधी काय शिकावं, असं तुम्ही विचारलंय. मी नागपूरच्या आयटी पार्कात बरीच वर्षं कोबॉल भाषेतले प्रोग्राम सांभाळतोय, त्या अनुभवावरून सांगतो.

क्यूसॅम सरळ आहे. फाइल पहिल्या नोंदीपासून ओळीने वाचायची. ब्लॉक, म्हणजे एकत्र साठवलेल्या नोंदींचा गठ्ठा, फोडून एकेक नोंद हातात देणं, पुढचे ब्लॉक आधीच बफरात, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, आणून ठेवणं, सगळं तोच बघतो. बीसॅम या त्याच्या भावंडात ही कामं प्रोग्रामरच्या अंगावर येतात. कोबॉलवाल्याला त्याची गरज क्वचितच.

खरी गोष्ट आहे मधेच नोंद घालण्याची. आपल्याकडचं एखादं लेआउट डोळ्यांपुढे आणा, एकही प्लॉट रिकामा नसलेलं. आयसॅममध्ये नोंदी की (key), म्हणजे ग्राहक क्रमांकासारखी ओळख, हिच्या क्रमाने रचलेल्या असायच्या, आणि तिथे असंच व्हायचं. मधे नवं घर आलं की पुढचे सगळे एकेक प्लॉट सरकणार आणि गल्लीतलं शेवटचं घर नाल्यापलीकडे, म्हणजे ओव्हरफ्लो एरियात जाणार. गल्लीत उरते फक्त चिठ्ठी, ‘पलीकडे बघा’. चिठ्ठ्यांची साखळी लांबली की शोध रेंगाळायचा, मग फाइल नव्याने बांधा. १९७०च्या दशकात आयबीएमने व्हीसॅम आणलं. आयबीएमच्या मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम झेड/ओएस, तिच्या २००५च्या १.७ पासून तर आयसॅम फाइली चालतच नाहीत.

व्हीसॅमच्या केएसडीएसमध्ये, म्हणजे कीच्या क्रमाने ठेवलेल्या फाइलमध्ये, काही प्लॉट आधीच मोकळे सोडता येतात, तीच फ्रीस्पेस. कंट्रोल इंटरव्हल (काही नोंदींचा एक गट) भरला तर साधारण अर्ध्या नोंदी त्याच कंट्रोल एरियातल्या (अशा गटांच्या समूहातल्या) रिकाम्या इंटरव्हलमध्ये जातात. तिथेही जागा नसेल तर अख्खा कंट्रोल एरिया दुभंगतो, आणि ते फार महाग पडतं.

एका क्लायंटची ग्राहकांची फाइल फ्रीस्पेस शून्य ठेवून बनवली होती आणि रोज मधल्या की येत होत्या. रात्रीचा जॉब लांबत चालला. लिस्टकॅट, म्हणजे फाइलची माहिती दाखवणारा अहवाल, काढलं, तर कंट्रोल एरिया स्प्लिटचा, म्हणजे दुभंगण्याचा, आकडा फुगलेला. रिप्रो या कॉपी करणाऱ्या कमांडने फाइल उतरवली, फ्रीस्पेस इंटरव्हलमध्ये २० आणि एरियात १० टक्के देऊन पुन्हा डिफाइन केली, परत भरली. जॉब वेळेत संपू लागला. मात्र की कायम वाढतीच असेल, नोंद शेवटीच येत असेल, तर ही मोकळी जागा वाया जाते. आकडा डोळे मिटून देऊ नका.

व्हीसॅमचेच आणखी दोन प्रकार: ईएसडीएस नोंदी आल्या क्रमाने ठेवतं, आरआरडीएस प्लॉट नंबरवरून थेट नेतं. ही दोन्ही नंतर शिकलात तरी चालेल. आधी क्यूसॅम आणि केएसडीएस घ्या, आणि पहिल्याच आठवड्यात आपल्या प्रोजेक्टच्या एखाद्या केएसडीएसचं लिस्टकॅट काढून त्यातले स्प्लिट वाचा.