धागा, दोरी, वाकळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या घरात दोन पिढ्या यंत्रमाग चालतो. कलेचा इतिहास शिकणाऱ्या माझ्या मुलीने मृणालिनी मुखर्जी यांनी दोरीच्या गाठींतून घडवलेल्या उंच आकृतींची छायाचित्रे मला दाखवली आणि हे शिल्प असल्याचे सांगितले. सुताचे काम हा आमचा धंदा आहे. ते कलादालनात कधी पोहोचले, आणि आमच्या कापडात व त्या कामात फरक कोणता?
— एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : आपला प्रश्न मला मोलाचा वाटतो, कारण तो माग ओळखणाऱ्या माणसाने विचारला आहे. युरोपात शतकानुशतके चित्रकार नमुना काढून देत असे आणि विणकर तो भिंतीवरच्या पडद्यात हुबेहूब उतरवत असत. मान चित्रकाराला मिळे. जर्मनीतील बाउहाउस ही कलाशाळा १९१९ मध्ये सुरू झाली, तेव्हाही मुलींची रवानगी बहुतेक विणकामाच्या विभागातच होई. ॲनी आल्बर्स यांना काचकाम शिकायचे होते, परंतु त्यांच्या वाट्याला माग आला आणि त्याच मागावर त्यांनी इतके स्वतंत्र काम केले की १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने त्यांचे एकल प्रदर्शन भरवले. पोलंडच्या माग्दालेना आबाकानोविच यांनी तर नमुना काढणारा आणि विणणारा हा भेदच मोडला. बंदरातले जुने दोरखंड उसवून, धुऊन, रंगवून त्या स्वतः विणत, आणि त्यांची प्रचंड विणकामे भिंत सोडून छतापासून मोकळी लोंबत, म्हणजे पाहणाऱ्याला त्यांच्याभोवती फिरता येई.

मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) बडोद्याला चित्रकार व कलाशिक्षक के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिकल्या. सुब्रमण्यन यांनी स्वतः काही वर्षे हातमाग मंडळात काम केले होते, हे इथे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण मागावरची जाण त्यांच्यामार्फत कलाशिक्षणात आली. मृणालिनीबाईंनी मात्र माग वापरलाच नाही. वाखाची रंगवलेली दोरी घेऊन त्या गाठीला गाठ जोडत गेल्या आणि ‘यक्षी’ (१९८४), ‘वनश्री’ (१९९४) यांसारख्या आकृती उभ्या राहिल्या. छायाचित्र जवळ धरून पाहा : दोरी आपल्याच वजनाने खाली ओढली जाते, त्यामुळे जाड घड्या पडतात, कुठे ओठासारखी तर कुठे पाकळीसारखी कड वळते. दगडात असा ओघळ कोरून काढावा लागतो; दोरीत तो तिच्या स्वभावातूनच येतो.

फरकाचे उत्तर आपल्या मागावरच सापडेल. उभे धागे सारख्या अंतरावर राहावेत म्हणून आपण फणी वापरता, आणि ठाणातला पहिला मीटर व शेवटचा मीटर सारखा निघणे हेच आपल्या कामाचे कसब आहे. मुंबईच्या मोनिका कोरिया विणता विणता ती फणीच काढून घेतात. मग उभे धागे जागा सोडून सरकतात, एकमेकांकडे झुकतात, आणि ते भरकटणेच त्या कामाचा विषय होते. दोन्हींकडे हाताची समज लागतेच. एकाला वर आणि दुसऱ्याला खाली बसवण्याची रीत मला मान्य नाही. ती रीत धाग्यातून आलेली नाही, कोणाचे नाव लिहून ठेवले आणि कोणाचे नाही यातून आली आहे.

प्रश्न : श्री भवानी संग्रहालयातली चित्रे, शिल्पे पाहत आम्ही लहानाचे मोठे झालो. आजीने शिवलेली वाकळ आता तशीच भिंतीवर लावावी असे वाटते. घरात एक जुने घोंगडेही आहे. काय काळजी घ्यावी?
— एक वाचिका, औंध (जि. सातारा)

उत्तर : वाकळ जरूर लावा, पण खिळे ठोकू नका. वरच्या कडेला मागून पूर्ण रुंदीची सुती पट्टी शिवून तिच्यातून काठी ओवावी, म्हणजे भार सगळीकडे वाटला जातो; नाहीतर जुन्या लुगड्याचा जीर्ण पदर आधी फाटतो. ऊन येणारी भिंत टाळावी, कारण उडालेला रंग परत येत नाही. काही महिन्यांनी ती उतरवून, घडी न घालता, धुतलेल्या सुती कापडासह गुंडाळून ठेवावी.

घोंगड्याला कसर लागते, म्हणून ते अधूनमधून सावलीत झटकून घ्यावे. धुण्याची घाई करू नये. विणल्यावर त्याला दिलेली चिंचोक्याची खळ निघून गेली की त्याचा ताठपणा जातो.

आणखी एक. वाकळ लावण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या : कोणते ठिगळ कोणाच्या लुगड्याचे, कोणत्या साली शिवायला घेतली, शेवटचा धावदोरा कोणाच्या हातचा. मागच्या पट्टीवर आजीचे पूर्ण नाव, गाव आणि साल घाला. पेनाची शाई कापडात उतरते, म्हणून ही अक्षरे सुईदोऱ्यानेच काढावीत.