लॉनमधली हुमणी आणि घरातली झुरळं कडक कीटकनाशकांशिवाय कशी आवरायची?

हुमणीसाठी (म्हणजे गवताची मुळं खाणाऱ्या भुंग्यांच्या अळ्यांसाठी) कीडनाशक सूत्रकृमी (हेटेरोरॅब्डायटिस) वापरा, आणि झुरळांसाठी फटींमध्ये बोरिक पावडरचा अगदी पातळ थर द्या. हे सूक्ष्म कृमी मातीत अळी शोधतात, तिच्या शरीरात शिरतात आणि सोबतचे जिवाणू तिथे सोडतात. अळी साधारण 2-3 दिवसांत मरते. माणसाला, पाळीव प्राण्यांना किंवा गांडुळांना त्यांचा त्रास होत नाही. पण ते जिवंत असतात, हे विसरू नका. उन्हात आणि कोरड्या मातीत ते टिकत नाहीत, म्हणून आधी लॉन भिजवा, संध्याकाळी फवारा, लगेच पुन्हा पाणी द्या आणि पुढचे दोन आठवडे माती ओलसर ठेवा. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो आणि दोष बिचाऱ्या कृमींना जातो.

त्याआधी एक चौरस फूट हिरवळ उचलून अळ्या मोजाच. इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या चार-पाचच निघाल्या, तर निरोगी गवत ते सोसतं, काही करू नका.

आणखी एक मर्यादा: कृमींचा उपाय अंड्यातून नुकत्याच निघालेल्या लहान अळ्यांवर चालतो. मोठ्या, खोल गेलेल्या हुमणीवर फारसा नाही, तेव्हा पुढच्या पिढीची वाट पाहा.

बोरिक पावडर सौम्य असली तरी पोटात जाता कामा नये. मुलांचा किंवा मांजर-कुत्र्याचा हात-तोंड पोहोचेल तिथे ती टाकू नका. गळका नळही दुरुस्त करा, पाणी मिळतंय तोवर झुरळं हटत नाहीत.